विजेला विचारणाऱ्या बाई

टॉर्चचा सेल जिवंत आहे की मेला, हे पाहायचं असलं तर तुम्ही-आम्ही तो टॉर्चमध्ये घालून पाहतो. आमच्या बाई सेलला दोन तारा लावायच्या आणि तारांची टोकं सरळ जिभेला टेकवायच्या. क्षणभर डोळे मिटायच्या. मग म्हणायच्या, "आहे. जीव आहे."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. "बाई, मरसान न!"

"भाऊ, एवढ्यानं मुंगीसुद्धा मरत नाही. आंबट लागतं फक्त. लावून बघा."

मी लावून पाहिलं. खरंच आंबट लागलं. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी तोवर कितीतरी वर्षं बाटल्या धुतल्या होत्या, पण विजेला चव असते हे कोणी मला सांगितलं नव्हतं. घरी जाऊन घरवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "कॉलेजात हेच करून राहिले का तुमी? जीभ जाळाले पगार भेटते वाटते!"

माझं शिक्षण चौथी. लिहायची सवय नाही. पण शेवंता, म्हणजे माझी घरवाली, यंदा गेली आणि दिवस फार लांब झाले आहेत. खाटेवर बसून किती वेळ भिंतीकडे पाहायचं? पोरगी म्हणते, "बाबा, काहीतरी लिहा." शेवंताबद्दल लिहायला बसलो तर हात चालत नाही. म्हणून बाईंबद्दल लिहितो. त्यात शेवंता येईलच.

बाई आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. देशावरच्या होत्या, पुण्याकडच्या. एकट्या. वय पस्तिशीच्या आसपास. उंच, काटकुळ्या, दोन्ही हातांची बोटं आयोडीननं पिवळी पडलेली. भंडाऱ्यात एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. एकटी बाई कायले आली असेल इतक्या लांब, म्हणून लोक बोलले. लोक बोलतातच. बाईंच्या कानावर गेलं की नाही मला माहीत नाही. गेलं असतं तरी त्यांनी विचारलं असतं, "काहून?"

हा शब्द, म्हणजे आमच्याकडचा 'का?', त्यांनी माझ्याकडून उचलला. आल्या आल्या मी त्यांना विचारलं होतं, "खिडकी बंद काहून ठेवली?" त्यांना तो इतका आवडला की मग त्या सगळ्यांना 'काहून' विचारू लागल्या. पोरांना, कारकुनाला, प्राचार्यांनासुद्धा. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सुट्टीत लॅब उघडता येणार नाही." बाई म्हणाल्या, "काहून?" आमच्या बोलीत त्यांचा तो पुणेरी काहून ऐकून प्राचार्यांना हसू आलं आणि लॅब उघडी राहिली.

आता बाई करत काय होत्या ते सांगतो. मला जेवढं कळलं तेवढंच.

केमिस्ट्रीत एका वस्तूची दुसरी वस्तू करायची तर उकळा, जाळा, कडक ॲसिड ओता, अशी रीत. बाई म्हणायच्या, "इतकी मारझोड कशाला? विजेला विचारू." त्या काचेच्या भांड्यात पाणी, सोडा, स्पिरिट आणि आयोडीनचं एक पांढरं मीठ घ्यायच्या. त्यात कार्बनची कांडी उभी करायच्या, ती बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेली. भांड्याच्या मधोमध वाटीएवढं मातीचं मडकं, मडक्यात सोड्याचं पाणी आणि निकेलची पट्टी, ती उणे टोकाला. वीज सोडली की कांडीभोवती तपकिरी धागे निघत, पाण्यात विरत, आणि दोन-तीन तासांनी तळाशी हळदीसारखी पिवळी भुकटी बसे. ते आयोडोफॉर्म. पूर्वी दवाखान्यात जखमेवर टाकत, तेच. वास डोक्यात जाणारा. माझे कपडे त्या वासानं इतके भरत की शेवंता दारातच अडवायची. "अजी, तुमी कॉलेजातून आले का दवाखान्यातून? आंघोळ करा आंधी."

तसं हे आयोडोफॉर्म बाजारात मिळत होतं. बाईंना ते विकायचं नव्हतं. थोड्या विजेत, साध्या सामानात, जास्तीत जास्त किती पडतं, हे त्यांना काढायचं होतं. त्यावर त्या नागपूरला पीएच.डी. करत होत्या. हे जमलं की पुढं त्यांना शिसं, जस्त असले धातू कार्बनला जोडायचे होते, तेही विजेनंच. मी विचारलं, "जोडून काय होते?" म्हणाल्या, "माहीत नाही भाऊ. म्हणून तर विचारायचं." त्यांची नोकरीही टेम्पररी होती. डिग्री झाली तर पक्की, नाही तर दुसऱ्याला. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

सामान साधं म्हणजे किती साधं, ते ऐका. महाग प्लॅटिनम कुठून आणणार? मी मेलेले सेल गोळा करायचो. बाजारातून, सायकलवाल्यांकडून, गावोगावच्या पंचायतीतून. हातोडीनं फोडायचे, आतली कांडी काढायची. हात कोपरापर्यंत काळे. बाई म्हणाल्या, "हे काळं तुमच्याच जिल्ह्यातलं असेल बरं. नाकाडोंगरीकडच्या मँगनीजचं." तेव्हापासून मला त्या काळ्याचा राग येईनासा झाला. वीज तर आमच्याकडे मन मानेल तेव्हा जायची, म्हणून बाईंनी ट्रकची जुनी बॅटरी घेतली होती. ती मी सायकलच्या कॅरिअरवर बांधून शहापूरच्या गॅरेजात भरून आणायचो. नॅशनल हायवेवरून. बॅटरीतलं पाणी सांडून माझ्या दोन पँटींना भोकं पडली.

एकदा स्पिरिट संपलं. परमिटवर नागपूरहून यायचं, महिना झाला तरी आलं नाही. बाई बाटलीकडे पाहत बसल्या. मी भीत भीत म्हणालो, "बाई, मोहाची चालते का?"

"मोहाची काय?"

"दारू."

बाईंचे डोळे असे चमकले की मलाच घाबरल्यासारखं झालं. दोन बाटल्या आणल्या. कुठून, ते आता विचारू नका. बाईंनी लॅबमध्ये तिचं दोनदा ऊर्ध्वपातन केलं. सगळ्या व्हरांड्यात मोहाचा घमघमाट. प्राचार्य नाक वर करून आले.

"मॅडम, हा कशाचा वास?"

"कच्च्या मालाचा, सर."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या दिवशीचं पिवळं नेहमीपेक्षा बरं पडलं, हेही लिहून ठेवतो.

मडक्याची गोष्ट वेगळी. ते मडकंच या कामातलं खरं अवघड. आतलं पाणी बाहेरच्या पाण्यात मिसळलं तर विजेनं बनवलेलं वीजच मोडून टाकते, असं काहीतरी होतं. म्हणून दोन्ही पाणी वेगळं पाहिजे. पण पूर्ण वेगळं केलं तर वीज जाणार कुठून? म्हणून मडक्याला अगदी बारीक भोकं पाहिजेत. पाणी पाझरेल न पाझरेल अशी. त्यासाठी बाई माझ्यासोबत अड्याळला, माझ्या गावी, कुंभाराकडे आल्या होत्या. तिथलं बोलणं मला अजून आठवतं.

कुंभार म्हणाला, "गळनारं मडकं? बाई, तीन पिढ्या झाल्या, आमच्या मडक्यातून थेंब नाई गेला. अन् तुमी म्हन्ता गळनारं दे?"

"गळणारं नाही हो. पाझरणारं."

"फरक काय?"

"गळतं ते डोळ्यांना दिसतं."

कुंभारानं हातातला गोळा चाकावर ठेवला. "देतो. पन कोनाचं हाय ते नोका सांगू कोनाले. बदनामी होईन माही."

त्यानं बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, माती भुसा घालून मळली, कमी भाजली. आठ-दहा वाट्यांतून बाईंना हवी तशी एक निघाली. त्या एका वाटीवर त्यांचं वर्षभराचं काम झालं. वही भरली. किती वीज गेली, किती पिवळं पडलं, सगळं त्यात.

ती वाटी धुताना फुटली. मी फोडली असं नाही, तडकलीच ती, पण हातात माझ्या होती. बाई म्हणाल्या, "वय झालं होतं तिचं." आणि त्याच आठवड्यात नागपूरहून पत्र आलं. बाईंच्या वहीतले आकडे विद्यापीठातल्या मोठ्या साहेबांना पटले नव्हते. मातीची वाटी आणि टॉर्चच्या कांड्या वापरून एवढं पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः येऊन पाहणार होते. सोमवारी. समोर झालं तर प्रबंध पुढं जाणार, नाही तर नाही. बाईंच्या नोकरीची मुदतही त्याच वर्षी संपत होती.

शनिवारी मी अड्याळला गेलो. वाटी फुटली तेव्हाच निरोप धाडला होता, कुंभारानं पहिल्यासारख्याच तीन वाट्या करून ठेवल्या होत्या. परतायला रात्र झाली, म्हणून त्या भंडाऱ्याच्या घरी आणून कोपऱ्यात ठेवल्या. शेवंतानं विचारलं, "हे कायची मडकी?"

"बाईची. सोमवारी नागपूरचा मोठा साहेब येऊन राहिला. त्याच्यापुढं यात पानी भरून दाखवाचं हाय. जमलं तं बाईची डिग्री होते."

एवढंच बोललो. जास्त सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी इतक्या वेळा केला आहे की आता करत नाही.

शेवंताचा बाईंवर जीव होता. भाजी केली की वाटीभर बाईंकडे. जवसाची चटणी तर डबा भरून. बाई ती बोटानं चाटत आणि विचारत, "वहिनी, यात कडू काय आहे? काहून?" शेवंता घरी येऊन हसत सुटे. "येवढी शिकली बाई, पन चटनीले घाबरते."

रविवारी मी बॅटरी भरायला शहापूरला गेलो; तिच्याशिवाय बाईंना वाट्या आधी तपासताही येत नव्हत्या. परत आलो तर चुलीवर पेज उकळत होती आणि तिन्ही वाट्या तिच्यात बुडवलेल्या. तुमच्याकडे करतात की नाही माहीत नाही. आमच्या धानाच्या मुलखात नवं मडकं घरात आलं की त्याला भाताची दाट पेज पाजतात. पेज मातीच्या भोकाभोकांत शिरते, वाळते, मग वरून जवसाचं तेल. असं मडकं आयुष्यभर गळत नाही. मी ते पाहिलं. कुंभाराचं आणि बाईंचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेला मी माणूस. पाहिलं, आणि म्हणालो, "दोनदा पाज. चांगली बसते."

शेवंता म्हणाली, "दोनदा पाजलीच. साहेबापुढं गळालं तं बाईची इज्जत जाईन न."

सोमवारी सकाळी साहेब आले. साधे गृहस्थ, धोतर-कोट, आवाज हळू. वाईट माणूस नव्हते, हे सांगायला पाहिजे. बाईंनी नवी साडी नेसली होती. मी वाट्या पुसून दिल्या. सगळं मांडलं. वीज सोडली.

मीटरचा काटा हलला नाही.

बाईंनी जोड तपासले. तारा घासल्या. साहेबांसमोरच बॅटरीच्या तारा जिभेला लावल्या. बॅटरी बारा व्होल्टची, जोराचा झटका बसला असणार, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "जीव आहे." दुसरी वाटी घेतली. तिसरी घेतली. कांडी बदलली. काटा किंचित थरथरायचा आणि बसायचा. बाईंनी वाटीऐवजी पट्टीला बटर पेपर गुंडाळून करून दाखवते म्हटलं. साहेब म्हणाले, "कागदानं होतं हे मलाही माहीत आहे. तुम्ही मातीचं लिहिलं आहे. मातीचं दाखवा."

मी चहा आणला. साहेबांनी प्यायला. आणखी तासभर थांबले, घड्याळ पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग उठले. "बाई, वहीत आहे ते मला दिसलं नाही. दिसलं नाही असंच मला लिहावं लागेल." आणि दुपारच्या बसनं गेले.

मला वाटलं बाई आता रडतील. मी दार लोटून घेतलं, कोणी पाहू नये म्हणून. बाई रडल्या नाहीत. वाटी हातावर घेऊन पाहत राहिल्या. नखानं खरवडली. वास घेतला. मग कपाटातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली आणि एक थेंब वाटीवर टाकला.

थेंब पडला तिथं वाटी निळी झाली. निळी म्हणजे काळ्या शाईसारखी निळी.

"स्टार्च," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, याला भात कुणी लावला?"

त्या निळ्याकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी स्टुलावर बसलो. लॅबमध्ये साहेब-बाईंसमोर मी तोवर कधी बसलो नव्हतो. सांगितलं सगळं. पेज, तेल, दोनदा पाजली, मीच म्हणालो दोनदा पाज. म्हणालो, "बाई, मले कामावरून काढा. पन शेवंतानं तुमच्या भल्यासाठी केलं."

बाईंनी आयोडीनच्या बाटलीला बूच लावलं, ती कपाटात परत ठेवली. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता.

"वहिनींना सांगू नका," त्या म्हणाल्या. "शपथ घ्या."

मी घेतली. घरी शेवंतानं विचारलं तेव्हा 'साहेब पाहून गेला' एवढंच म्हणालो.

"साहेबाले कळवू न? आजच तार करतो."

"काय कळवणार? भात लावला म्हणून? त्यांनी पाहिलं ते खरं आहे. काटा हलला नाही." तरी त्यांनी पत्र लिहिलं. पुन्हा एकदा या, म्हणून. ते मीच पोस्टात टाकलं. उत्तर आलं, प्रबंधाची मुदत संपल्याचं.

तुम्हाला वाटेल, माणूस खचला असेल. खचल्या असतील. दोन दिवस लॅबमध्ये आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात उभ्या. हातात वही.

"वहिनी, मडक्याला पेज कशी पाजतात ते मला शिकवा."

शेवंता लाजून लाल. "अगं माय, बाई, तुमाले येवढंबी येत नाई?"

"नाही येत. कोणता तांदूळ? किती पातळ? किती वेळ उकळायची? एकदा पाजली तर काय, दोनदा तर काय?"

शेवंता चुलीपुढं बसून सांगत होती, बाई पाटावर बसून लिहीत होत्या. मी दाराशी उभा. माझी बायको अंगठा उठवणारी, आणि केमिस्ट्रीच्या बाई तिचं बोलणं उतरवून घेत होत्या. मधेच बाई विचारत, "काहून?" आणि शेवंता म्हणे, "काहून म्हंजे? माह्या सासूनं असंच केलं." बाई तेही लिहीत. मला तिथं उभं राहवेना. मागं जाऊन विहिरीचं पाणी उपसत बसलो, गरज नसताना.

नोकरी संपायला दोन महिने होते. ते दोन महिने बाईंनी त्याच कामात घातले. कुंभाराकडून वाट्या, शेवंताकडून पेज. एकीला एकदा पातळ, एकीला एकदा दाट, एकीला तेल, एकीला नाही. शेवंता तर सणासारखी कामाला लागली होती. शेजारणींना सांगायची, "माह्या मडक्यावर बाई डिग्री करून राहिली." आणि खरं सांगतो, तेल न लावता एकदाच अगदी पातळ पेज दिलेल्या वाटीत पिवळं पूर्वीपेक्षा जास्त पडलं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा. बाईंनी तराजूवर कागद ठेवला, भुकटी तोलली, आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत हसलो. मग बाईंनी खोलीभर नजर फिरवली. दाखवायला कोणी नव्हतं.

त्या गेल्या त्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको बसस्टँडवर गेलो होतो. सामान एक ट्रंक आणि वह्यांचं गाठोडं. शेवंतानं विचारलं, "बाई, कुठं मोठी नोकरी लागली?" बाईंनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "बघू, वहिनी. आधी घरी जाते." शेवंतानं त्यांची ओटी भरली, डोळे पुसले. बस वळेपर्यंत खिडकीतून बाईंचा पिवळ्या बोटांचा हात दिसत होता. त्यानंतर एक पोस्टकार्ड आलं, खुशालीचं. पत्ता पुसट होता. मी लिहिलेलं परत आलं. नंतर काही नाही. त्यांच्या जागी आलेले सर पुस्तकातले प्रयोग करायचे. चांगले होते. 'काहून' कधी म्हणाले नाहीत.

असतील बाई अजून, तर आता ऐंशीच्या घरात असतील. त्यांनी दुसरीकडे कुठं पुन्हा अर्ज केला का, शिश्याला कार्बन जोडला का, की वह्या ट्रंकेतच राहिल्या, मला माहीत नाही. पुष्कळदा वाटतं, विचारावं. कोणाला विचारणार?

शपथ मी पाळली. चाळीस वर्षं एका घरात राहून पाळली. मी तोंडाचा फाटका माणूस आहे. जावयाला तोंडावर आळशी म्हणालो, सरपंचाला चोर म्हणालो, शेवंताला तर काय काय बोललो. पण हे बोललो नाही.

शेवटच्या आजारात तिला जुनं जुनं आठवायचं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "अजी, आपल्या त्या बाईची डिग्री झाली असन न?"

मी म्हणालो, "झाली. कवाचीच झाली."

"मी म्हनलं नव्हतं? मडकी चांगली निघाली न माही?"

"चांगली निघाली वं," मी म्हणालो. "साहेब दिवसभर पाहत बसला. एक थेंब नाई गळला."